दिमित्रिओस

दिमित्रिओस हे ग्रीक परंपरेतील एक प्राचीन पुरुषनाम आहे. ते धान्य आणि शेतीची देवता दिमीटर हिच्या नावावरून पडले असून मराठीत ते सहसा ‘डिमीट्रिअस’ असे लिहिले जाते. ग्रीसमध्ये ख्रिस्ती धर्म आला, जुनी देवळे ओस पडली, तरी हे नाव टिकले, याचे श्रेय मुख्यतः थेस्सालोनिकीचे हुतात्मा संत दिमित्रिओस यांना द्यावे लागते. २६ ऑक्टोबर या त्यांच्या सणाच्या दिवशी हे नाव असलेल्यांचा नामदिन असतो. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या प्रथेमुळेही ते घराघरांत पुढे चालत राहिले. घरगुती बोलण्यात त्याचे दिमित्रिस किंवा मित्सोस होते. मुलीचे नाव दिमित्रा असते.

इ. स. पू. ३०७ मध्ये अथेन्स शहर एका दिमित्रिओसच्या हातून दुसऱ्याच्या हाती गेले. दहा वर्षे कारभार पाहणारा फालेरॉनचा दिमित्रिओस हा तत्त्वज्ञ होता. त्याचे शेकडो पुतळे अथेन्सवासीयांनी उभारले आणि सत्ता जाताच पाडले, असे प्राचीन लेखक सांगतात. त्याला घालवून देणारा मॅसिडोनियाचा सेनानी ‘पोलिओर्केतिस’, म्हणजे नगरांना वेढा घालणारा, या उपाधीने ओळखला जातो. मुक्तिदाता म्हणून अथेन्सने त्याला देवासारखा मान दिला, पण पुढे पार्थेनॉन मंदिरातच मुक्काम ठोकून त्याने तेथे गणिकांसह विलास केला, हा त्याच्यावरील डाग प्लुटार्कने नोंदवून ठेवला आहे. इ. स. पू. ३०५–३०४ मधील ऱ्होड्सचा वेढा प्रचंड चाकांच्या मनोऱ्यानेही यशस्वी झाला नाही. मागे टाकलेली ती युद्धयंत्रे विकून आलेल्या पैशातून ऱ्होड्सवासीयांनी सूर्यदेवाचा सुप्रसिद्ध महाकाय पुतळा उभारला.

हिंदुकुश ओलांडून आलेल्या, बॅक्ट्रिया या आजच्या उत्तर अफगाणिस्तानाकडील ग्रीक राज्याच्या पहिल्या दिमित्रिओस राजाच्या नाण्यांवर हत्तीच्या मस्तकाचे शिरस्त्राण दिसते. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरातील १७ व्या क्रमांकाच्या लेण्यात उत्तरेकडून आलेल्या, दात्तामित्रीच्या रहिवासी, धर्मदेवपुत्र इंद्राग्निदत्त या यवनाने, म्हणजे ग्रीकाने, आईवडिलांच्या पुण्यार्थ दिलेल्या दानाचा लेख आहे. दात्तामित्री हे नगर याच नावावरून वसले, असे अनेक अभ्यासक मानतात. तसे असल्यास या नावाची महाराष्ट्रातील ही खूण विशेष मोलाची ठरते.

रशियात या नावाचे द्मित्री झाले. मूलद्रव्यांची आवर्तसारणी मांडणारे मेंडेलेयेव याच नावाचे, आणि १६०५ ते १६०६ या काळात मॉस्कोच्या गादीवर बसलेला तोतयाही याच नावाचा.

आधुनिक ग्रीसमध्ये या नावाला सर्वांत मोठा कलंक लागला तो ब्रिगेडियर दिमित्रिओस इओआनिदिस याच्यामुळे. लष्करी पोलिसांचा प्रमुख म्हणून राजकीय कैद्यांच्या छळाशी त्याचे नाव जोडले गेले होते. नोव्हेंबर १९७३ मध्ये त्याने सत्ता बळकावली, आणि त्याने घडवून आणलेल्या १५ जुलै १९७४ च्या सायप्रसमधील बंडानंतर पाचच दिवसांत तुर्की सैन्य बेटावर उतरले. त्यातून झालेली बेटाची फाळणी आजही मिटलेली नाही. लोकशाही परतल्यावर त्याला जन्मठेप झाली, आणि ती शिक्षा भोगत असतानाच २०१० मध्ये तो मरण पावला.