वारेला चढणारा गंज

मागच्या महिन्यात एका डोहाळजेवणाला गेलो होतो. ओटीच्या सामानात, नारळाशेजारी, एक चकचकीत डबा होता: 'अँटिऑक्सिडंट्सनी समृद्ध, आई आणि बाळाच्या संरक्षणासाठी'. सातव्या महिन्यातल्या त्या मुलीचे पाय सुजले होते. "पाय सुजले म्हणजे मुलगाच," एक आजी कौतुकानं सांगत होत्या. बीपी शेवटचं कधी मोजलं, हे मात्र कुणालाच आठवेना. मी तिथेच हट्ट धरला आणि दुसऱ्या दिवशी ते मोजलं गेलं. सुदैवानं ठीक निघालं.

गरोदरपणात पायांची सूज बहुतेकदा साधीच असते. पण विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब 140/90 किंवा त्याच्या वर गेला आणि लघवीतून प्रथिनं जाऊ लागली, तर तो प्री-एक्लॅम्प्सिया. जगात दर 100 गरोदर स्त्रियांमागे 2 ते 8 जणींना तो होतो. पुढे झटके आले तर आईचा जीव धोक्यात येतो, आणि अजूनही काही घरांत त्या झटक्यांना 'बाहेरची बाधा' समजून अंगारा लावण्यात मोलाचे तास जातात. बाधा बाहेरची नसते. ती वारेतून येते, म्हणजे बाळाला आईच्या रक्तातून पोषण देणाऱ्या अवयवातून (प्लासेंटा).

गर्भाशयाच्या भिंतीत नागमोडी वळणांच्या शंभरेक धमन्या असतात. वार रुजताना बाळाकडच्या काही पेशी चक्क आईच्या या धमन्यांत शिरतात, त्यांच्या भिंतीतला स्नायू काढून टाकतात आणि धमनीचं तोंड कर्ण्यासारखं रुंद करतात. स्नायूच उरला नाही, म्हणून ती धमनी आता आकसू शकत नाही. रुंद तोंडातून रक्त सेकंदाला जेमतेम 10 सेंटिमीटर वेगानं, संथपणे वारेत पसरतं. मला तरी शरीरशास्त्रात याहून सुंदर काही माहीत नाही: जन्माला न आलेला जीव आईच्या रक्तवाहिन्या स्वतःच्या सोयीनं बांधून घेतो!

प्री-एक्लॅम्प्सियात, विशेषतः तो लवकर सुरू होतो तेव्हा, हे बांधकाम अर्धवट राहतं. धमनी अरुंदच राहते. वाफ्यात पाणी सोडताना पाइपचं तोंड अंगठ्यानं दाबून बघा. चिळकांडी उडते आणि माती उखडते. वारेचे नाजूक तंतू असेच रक्ताच्या माऱ्याखाली सापडतात. शिवाय स्नायू शिल्लक असल्यानं धमनी मधूनच आकसते, मधूनच सैलावते. ऑक्सिजन तुटतो, पुन्हा येतो. घात होतो तो या पुन्हा येण्यात. उपाशी पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियातून (पेशीची वीजघरं) आणि झँथिन ऑक्सिडेज या विकरातून (एन्झाइम) सुपरऑक्साइड नावाचे आक्रमक रेणू तयार होतात. रक्तवाहिनी सैल ठेवणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडला ते गाठतात आणि दोघांचं पेरॉक्सिनायट्राइट बनतं. म्हणजे सैलावणारा रेणू गेला आणि त्याच्या जागी पेशींची पटलं जाळणारा आला. हाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस; लोखंडाला गंज चढावा तसा. त्रासलेली वार मग आईच्या रक्तात 'एसफ्लिट-1' हे प्रथिन सोडते. रक्तवाहिन्यांचं अस्तर निरोगी ठेवणारे घटक ते पकडून ठेवतं. 2003 मध्ये बोस्टनच्या अनंत करुमांची यांच्या गटानं हा दुवा दाखवला. अस्तर बिघडतं, मूत्रपिंडातून प्रथिनं गळू लागतात, रक्तदाब चढतो.

आता तो डबा. गंज आहे तर गंजरोधक द्या, हा विचार शास्त्रज्ञांनीही केला होता. 1999 मधल्या लंडनच्या एका लहान चाचणीत क जीवनसत्त्व (1000 मिलिग्रॅम) आणि ई जीवनसत्त्व (400 युनिट) दिल्यावर आशा वाटली. 2006 मध्ये ब्रिटनमध्ये सुमारे 2400 स्त्रियांवर हेच तपासलं. प्री-एक्लॅम्प्सिया कमी झाला नाही. उलट, कमी वजनाची बाळं थोडी जास्त जन्मली. अरुंद राहिलेली धमनी गोळीनं रुंद होत नाही. मग 'संरक्षण' हा शब्द डब्यावर छापायचा अधिकार कुठून आला? उपयोगी ठरली ती स्वस्त अ‍ॅस्पिरिन. जास्त धोका असलेल्यांना 11 ते 14 आठवड्यांपासून रोज रात्री 150 मिलिग्रॅम दिल्यावर, 37 आठवड्यांआधी प्रसूती करावी लागणारा प्री-एक्लॅम्प्सिया 4.3 टक्क्यांवरून 1.6 टक्क्यांवर आला, असं 2017 च्या एका चाचणीत दिसलं. अर्थात, ती डॉक्टरांनीच ठरवून द्यायची. आणि बीपी व लघवीची तपासणी तर सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या 9 तारखेला मोफत होते.

बाळाचं काय? वार अपुरी पडली म्हणून ते खुरटतं, आणि आईला वाचवण्यासाठी पुष्कळदा वेळेआधी जन्माला घालावं लागतं. गंजाशी लढणारी त्याची स्वतःची विकरं तर गर्भातल्या शेवटच्या आठवड्यांतच भरभर वाढतात. ती वाढायच्या आत बाळ हवेत येतं, जिथे ऑक्सिजन गर्भातल्यापेक्षा कितीतरी जास्त. फुप्फुसं आणि डोळ्यांचा पडदा यांना त्याची झळ लागू शकते. म्हणूनच अपुऱ्या दिवसांच्या बाळाला श्वासाची मदत देताना ऑक्सिजन मोजूनमापूनच देतात.

आणि त्याच्यासाठी खरोखरचं अँटिऑक्सिडंट पेय आईकडेच असतं: पहिल्या दिवसांचा पिवळसर चीक, ज्यात ई जीवनसत्त्व आणि बीटा-कॅरोटिन भरपूर असतं. 'पहिलं दूध जड असतं' म्हणून तो पिळून टाकणारी घरं मी पाहिली आहेत. अतिदक्षता विभागात मात्र, ज्या बाळाला ओढताही येत नाही, त्याच्या गालाच्या आत नर्स तो थेंबाथेंबानं सोडतात.