गृहाधारित शाळापूर्व तयारी

तीन ते सहा वर्षांच्या मुलाची शाळेसाठी लागणारी भाषा, हाताची पकड, संख्येची समज व ऐकून कृती करण्याची सवय आईवडिलांकरवी घरीच घडविण्याची पद्धती. कार्यकर्ती पालकाला शिकविते आणि पालक मुलाला. जेथे शिकवणी परवडत नाही व पालकांचे स्वतःचे शिक्षण अर्धवट राहिले आहे, अशा कुटुंबांसाठी ती मुख्यतः वापरली जाते.

तिचा उगम दोन-तीन ठिकाणी दाखविता येतो. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांच्या बोर्डी येथील कार्यात (१९४५ पासून) बालवाडी मुलाच्या अंगणात गेली. मात्र शिकविणारी शिक्षिकाच राहिली. अमेरिकेत इप्सिलँटी येथील पेरी बालशाळेच्या (१९६२) शिक्षिका आठवड्यातून एकदा सुमारे दीड तास घरी जात, पण ती शाळेला दिलेली जोड होती. पालक हाच मुख्य शिक्षक, ही मांडणी अविमा लोम्बार्ड यांनी १९६९ मध्ये जेरूसलेमच्या हिब्रू विद्यापीठात सुरू केलेल्या कार्यक्रमात स्पष्ट दिसते. त्यामुळे आजच्या अर्थाने आरंभ तेथून धरणे अधिक सयुक्तिक ठरते. बोर्डीच्या कामाचे मोल त्याने उणावत नाही.

लोम्बार्ड यांच्या कार्यक्रमात वर्षाला कृतींचे सुमारे ३० साप्ताहिक संच असतात. रोजचे काम १५ ते २० मिनिटांचे. कार्यकर्ती शक्यतो त्याच वस्तीतील आई असते. ती प्रथम आईची भूमिका घेते व आई मुलाची. मग अदलाबदल होते. सूचना वाचाव्या लागत नसल्याने निरक्षर आईही काम पेलते. ही पायरी गाळून नुसता संच हाती दिला, की तो बहुधा फळीवर पडून राहतो.

साहित्य घरचेच पुरते. बाटल्यांची १० झाकणे आधी रंगाने, मग आकाराने वेगळी करायची. नंतर 'मला पाच दे' म्हणायचे. शंभरापर्यंत आकडे घोकणारे मूल येथे अनेकदा मूठभर झाकणे पुढे करते, कारण एका वस्तूला एकच अंक ही जोडी त्याच्या मनात बसलेली नसते. जेवताना माणशी एक ताटली मांडणे हा त्यावरचा उत्तम सराव. कणीक मळणे, मटार सोलणे, कपड्यांचे चिमटे दोरीला लावणे यांनी बोटांत बळ येते. त्याआधी पाटीवर अक्षरे गिरवून घेतल्यास पेन्सिल मुठीत धरण्याची खोड लागते व ती मोडणे अवघड जाते. चिंचोके मोजायला सोयीचे, पण घरात रांगते भावंड असल्यास टाळावेत. ते नाकात किंवा घशात अडकतात. गोष्ट घरच्या बोलीत, वडारी, कैकाडी, कन्नड वा हिंदीत, आधी सांगावी. मराठी शब्द मागाहून जोडावेत. सर्वांत सामान्य चूक म्हणजे मुलाने उत्तर देण्यापूर्वी आईनेच ते सांगून टाकणे. मनात दहा अंक मोजून थांबण्याचा सराव भूमिकापालटातच करून घ्यावा.

पुण्यातील वस्त्यांत घरकाम किंवा कचरावेचणी करणाऱ्या आया पहाटे वा सकाळीच बाहेर पडतात. येथे गृहभेट संध्याकाळी, स्वयंपाकाच्या वेळी ठेवणे सोयीचे असते. आजी किंवा थोरली बहीणही सोबत बसवावी. बांधकाम कामगारांची कुटुंबे काम संपताच हलतात, म्हणून त्यांच्यासाठी प्रत्येक आठवडा स्वतंत्रपणे करता येईल असा संच लागतो.

राज्यात २०२२ पासून शाळापूर्व तयारीच्या 'पहिले पाऊल' या शासकीय अभियानातून माता-पालक गट तयार झाले. त्याच्या शाळास्तरीय मेळाव्यात नोंदणीपासून पालक-मार्गदर्शनापर्यंत सात टेबले असतात.