हौदातला झाडबेडूक आणि मोबाइलमधला झाडबेडूक

आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. म्हणून सोलापुरातल्या बऱ्याच घरांसारखा आमच्याही मागच्या अंगणात सिमेंटचा हौद आहे, वापरायच्या पाण्याचा. जुलैत एका सकाळी त्याच्या आतल्या भिंतीवर, पाण्यापासून वीतभर उंचीवर, साबणाच्या फेसासारखा पांढरा गोळा चिकटलेला दिसला. जवळच कोपऱ्यात एक फिकट तपकिरी बेडूक पाय पोटाशी घेऊन बसला होता. बोटांच्या टोकांना गोल गाद्या.

भाचीने मोबाइल पुढे केला. त्यात हिरवागार, लाल डोळ्यांचा, नारिंगी पावलांचा बेडूक पानाला लटकलेला. "आत्या, हा तोच आहे की! फक्त रंग गेलाय. आपण काचेच्या पेटीत पाळू की."

गाद्या पाहून कुणीही हेच म्हणेल. दोघांनाही झाडबेडूक म्हणतात, दोघंही सरळ काचेवर चढतात आणि दिवसभर झोपून रात्री शिकार करतात. पण नात्याने ते फार लांबचे. आपला ठिपकेवाला झाडबेडूक, पॉलिपिडेट्स मॅक्युलेटस, रॅकोफोरिडी कुळातला. शेतात पाऊस पडला की डराव डराव करणारा मोठा पिवळा बेडूक याच्या जवळच्या गोतातला. मेक्सिकोपासून पनामाच्या पुढपर्यंत राहणारा लाल डोळ्यांचा अगालिक्निस कॅलिड्रायस मात्र बेडकांच्या वंशवृक्षाच्या दुसऱ्या फांदीवरचा. अंगभर चामखिळी असलेला, दिव्याखाली किडे टिपत बसणारा भेक त्याला आपल्या झाडबेडकापेक्षा जवळचा! चढायची गरज सारखी, म्हणून दोन्हीकडे गाद्या स्वतंत्रपणे तयार झाल्या.

ओळखायचं तर डोळे बघा. आपल्याच्या डोळ्यातली बाहुली आडवी, त्याची मांजरासारखी उभी. आपल्याच्या मांडीच्या मागच्या बाजूला पिवळे ठिपके असतात, पण तो पाय पसरतो तेव्हाच ते दिसतात.

खरा फरक अंड्यांत आहे, आणि तो मला सगळ्यात मोलाचा वाटतो. दोघंही अंडी पाण्यात न घालता पाण्याच्या वर घालतात, म्हणजे पिल्लं फुटली की थेट खाली पडतात. इथपर्यंत सारखं. आपली मादी एक चिकट स्राव सोडते आणि तो मागच्या पायांनी घुसळून त्याचा फेस करते, ताकासारखा. त्या फेसात शेकडो अंडी. वरची साय वाळून कडक होते, आत ओल टिकते. चार-दोन दिवसांत फेस खालून सैल होतो आणि बेडूकमासे पाण्यात गळतात. लाल डोळ्यांची मादी फेस करत नाही. ती आधी तळ्यात उतरून मूत्राशयात पाणी भरून घेते, मग पानावर पारदर्शक जेलीत अंडी घालते. ती जेली ओली राहायला हवेत सतत दमटपणा लागतो. त्या अंड्यांची एक गोष्ट विलक्षण आहे: साप खायला लागला की तो हादरा ओळखून आतली पिल्लं ठरल्या वेळेआधीच फुटून पाण्यात उड्या टाकतात.

म्हणजे एकाची अंडी कोरड्या हवेला तोंड देणारी, दुसऱ्याची पावसाळी जंगलावर विसंबलेली. अंगाचंही तसंच. आपला झाडबेडूक त्वचेतून स्निग्ध स्राव सोडतो आणि पायांनी तो अंगभर पुसून घेतो, त्यामुळे अंगातलं पाणी कमी उडतं. वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि मे महिन्यात 42-43 अंश, अशा गावात तो बाथरूममध्ये, माठामागे, कुंडीत दिवस काढतो तो याच जोरावर.

लाल डोळ्यांचा पाळायचा तर उंच पेटी, 24 ते 28 अंश तापमान, रोज फवारा, क्लोरीन नसलेलं पाणी, कॅल्शियमची पूड लावलेले जिवंत रातकिडे. पैदास करायची तर काही आठवडे कोरडं ठेवून मग पंपाने रात्रभर खोटा पाऊस पाडावा लागतो. सोलापूरच्या मेमध्ये दुपारी दोन तास वीज गेली तर तो जीव उकडून मरेल. शिवाय 2010 पासून तो साइट्सच्या, म्हणजे वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर लगाम ठेवणाऱ्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. आपल्याकडे असा प्राणी जवळ असेल तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते.

त्याला पेटीत वाढवलं म्हणजे त्याचं संवर्धन झालं, हा समज मला फार खटकतो. तो अजून जंगलात भरपूर आहे. पेटीच शेवटचा आसरा ठरली ती पनामातल्या रॅब्सच्या झाडबेडकाची. 2005 मध्ये बेडकांच्या कातडीला लागून त्यांना मारणाऱ्या कायट्रिड बुरशीची साथ पोहोचायच्या तोंडावर संशोधकांनी काही बेडूक उचलून अमेरिकेत आणले. पैदास जमली नाही. टफी नावाचा शेवटचा नर अटलांटाच्या वनस्पती उद्यानात 26 सप्टेंबर 2016 ला गेला. ती बुरशी बेडकांच्या व्यापारातून जगभर फिरली, आणि पश्चिम घाटातल्या बेडकांवरही सापडली आहे. म्हणून परदेशी बेडकाच्या पेटीतलं पाणी गटारात किंवा बागेत ओतणं मला भयंकर वाटतं.

आपल्याला पेटी लागत नाही. हौदात ब्लीचिंग पावडर न टाकणं आणि तो फेस घाण समजून खरवडून न काढणं एवढं पुरे आहे.

भाचीला ते पटलं. त्या पाळीला पाणी आलं तेव्हा तिने स्वतः नळ बंद केला, फेसाच्या खाली चार बोटं जागा ठेवून. तिसऱ्या रात्री बॅटरी घेऊन बसलो. फेसाच्या खालच्या टोकाला एक थेंब लांबत गेला, त्यात काळा ठिपका वळवळला, आणि टप् करून पाण्यात पडला. सकाळी मगाने गाळून ते बेडूकमासे आम्ही जुन्या प्लास्टिकच्या टबात, शेवाळासकट, सावलीला ठेवले. टबात एक काठी तिरपी टाकली आहे, शेपूट गळाली की वर यायला.