पाम, परहवामानातील लागवड (सातारा–सांगली)

उष्ण कटिबंधातील दुर्मीळ पाम मूळ अधिवासाहून वेगळ्या हवामानात जोपासण्याची उद्यानविद्येतील प्रथा. ताडकुलात (ॲरेकेसी) सुमारे २,६०० जाती असून नारळ, शिंदी आणि सह्याद्रीतील भेर्ली माड या त्यांपैकी महाराष्ट्राच्या ओळखीच्या आहेत.

थंड देशांत या लागवडीचा मुख्य शत्रू थंडी असते. सातारा-सांगलीत मात्र ती अडचण महाबळेश्वरसारख्या माथ्यावरच जाणवते, जेथे हिवाळ्यात वेण्णा तलावाकाठी कधीकधी दवबिंदू गोठतात. एरवी घात करतात ते मार्च ते मे महिन्यांतील कोरडे वारे आणि कृष्णाकाठची चुनखडीयुक्त काळी माती. मलाय द्वीपकल्प, सुमात्रा व बोर्निओ येथील दलदलीच्या रानांत वाढणारा आणि लाखेसारख्या लाल देठांमुळे ‘लिपस्टिक पाम’ म्हटला जाणारा सिर्टोस्टॅकिस रेंडा उघड्यावर लावल्यास पानांची टोके करपत जातात. म्हणून त्याची कुंडी शेडनेटखाली, पाणी भरलेल्या घमेल्यात ठेवतात.

चुन्यामुळे मातीतले लोह मुळांना मिळेनासे होते. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे पाणी कमी पडल्याचे लक्षण समजून आणखी पाणी देणारे हौशी बागाईतदार मुळेच कुजवून बसतात. तांबडी माती, कोकोपीट व पालापाचोळ्याचे खत यांचे मिश्रण हा त्यावरचा उपाय होय.

मादागास्करच्या गवताळ माळांवरील रुपेरी पानांचा बिस्मार्किया नोबिलिस जत, आटपाडी किंवा माणच्या कोरड्या हवेला अधिक जुळणारा आहे. मात्र मुळे दुखावलेली त्याला सोसत नाहीत, त्यामुळे रोप लहान असतानाच कायमच्या जागी लावणे इष्ट. मॉरिशसजवळच्या राउंड बेटावर निसर्गतः मोजकाच उरलेला बॉटल पाम (हायोफोर्बे लॅजेनिकॉलिस) बंगल्यांच्या फाटकाशी सर्रास दिसतो. दुर्मीळता येथे रानातली धरायची, रोपवाटिकेतली नव्हे.

पामच्या प्रत्येक खोडाला सामान्यतः शेंड्यात एकच वाढबिंदू (नवी पाने फुटण्याची जागा) असतो आणि तो मेला की ते खोड मरते. पावसाळ्यात शेंड्यात पाणी साचून तो कुजल्याची शंका आल्यास न उलगडलेले पान हलकेच ओढून पाहतात. ते अलगद हातात आले आणि बुडाला आंबूस वास असला, तर कूज आतपर्यंत पोचलेली असते. गेंड्या भुंगाही शेंडाच पोखरतो. त्याच्या अळ्या शेणखतात वाढतात, म्हणून जाणते बागाईतदार पामच्या जवळपास उकिरडा ठेवत नाहीत.