१.० म्हणजे नक्की काय? झोम्बॉइडची वाट बघण्यामागची पार्श्वभूमी

१७ डिसेंबर २०२४ ला प्रोजेक्ट झोम्बॉइड या झोम्बींपासून जीव वाचवत जगायच्या गेमचं बिल्ड ४२ (४२ नंबरचं व्हर्जन) अनस्टेबल ब्रँचवर, म्हणजे टेस्टिंगसाठीच्या कच्च्या रूपात आलं आणि आमच्या बीड-लातूरच्या पोरांत तोच जुना प्रश्न परत सुरू झाला, की बाबा हे सगळं ठीक, पण गेम पूर्ण कधी व्हायलाय? स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात तो नोव्हेंबर २०१३ मध्ये अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये, म्हणजे अर्धवट असतानाच विकायला आला आणि बिल्ड ४२ आलं तेव्हाही तिथंच होता. आमच्यात ज्यानं तो कॉलेजात असताना घेतला त्याची पोरगी आता शाळेत जायलीय. नवीन पोरं विचारतात तेव्हा प्रत्येक जण वेगळं उत्तर देतो, कारण 'पूर्ण' म्हणजे काय हेच कुणी कधी ठरवलं नाही, म्हणून मागचं सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

लई मागं जायची गरज नाही. आधी बीटा म्हणजे फुकटात टेस्टिंग, चुका सापडल्या की कळवायच्या, एवढंच होतं. २००९ मध्ये माइनक्राफ्ट अर्धवट असतानाच विकायला निघाला, आत्ता घ्या स्वस्तात, पुढं किंमत वाढंल, आणि लोकांनी घेतला. तो नोव्हेंबर २०११ ला पूर्ण म्हणून जाहीर झाला. तिथून अर्धवट गेमला पैसे द्यायची सवय लागली. २० मार्च २०१३ ला स्टीमनं याचं अर्ली अ‍ॅक्सेस नावाचं वेगळं दालनच उघडलं, पहिल्या दिवशी १२ गेम होते, त्यात आर्मा ३, कर्बल स्पेस प्रोग्राम आणि प्रिझन आर्किटेक्ट होते, आणि हे तिन्ही पुढं खरंच पूर्ण झाले. त्यामुळं सुरुवातीला सगळ्यांना वाटलं की ही वाट दोन-अडीच वर्षांची असती.

झोम्बॉइड त्याच्याही आधीपासून, २०११ पासून विकला जात होता. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये बनवणाऱ्यांच्या घरी चोरी झाली, दोन लॅपटॉप गेले, त्यातच कोड होता, ताजा बॅकअप बाहेर कुठं ठेवलेला नव्हता आणि बरंच काम गेलं. पैसे देऊन बसलेले लोक तेव्हा लई भडकले. माझं मत असं आहे, की या गेमचं पुढचं सगळं वागणं तिथून आलंय, तारीख सांगायची नाही, झालं की देऊ. त्यांच्या टेस्टिंगच्या ब्रँचचं नाव बरीच वर्षं एका वाक्याच्या अद्याक्षरांवरून होतं, आणि त्या वाक्याचा अर्थ 'मी माझ्या सेव्हचा बॅकअप घेईन' असा होता.

आमच्याकडं हा गेम उशिरा आला. नोव्हेंबर २०१५ पर्यंत स्टीमवर भारतात भाव डॉलरमध्ये होते, बाहेरदेशी चालणारं कार्ड लागायचं, ते शिकणाऱ्या पोराकडं कुठून असणार. रुपयात भाव आले तेव्हा एकाच्या भावाच्या कार्डावरून पहिली कॉपी घेतली. नेट इतकं हळू होतं की अपडेट रात्री लावून झोपायचं आणि मधेच लाईट गेली की सकाळी टक्केवारी तिथंच अडकलेली. २०१६ च्या उन्हाळ्यात मी लातूरला रूमवर होतो, मिरजेवरून रेल्वेनं पाणी यायलं होतं तेच वर्ष. झोम्बॉइडमध्ये सुरुवातीच्या काही दिवसांत कधीतरी लाईट जाती आणि नळाचं पाणीही कायमचं बंद होतं, म्हणून ज्याला कळतं तो आधीच घरातली सगळी भांडी भरून ठेवतो. आमच्या रूमवर कोपऱ्यात बादल्या, भगुनी, रंगाचा रिकामा डबा, सगळं भरून ठेवलेलं असायचं आणि स्क्रीनवरही आम्ही तेच करायलो होतो. केंटकीतलं १९९३ सालचं गाव, पण आम्हाला तो गेम कुणी समजावून सांगावा लागला नाही. अर्धवट होता, आपल्याशिवाय दुसरी जिवंत माणसं नव्हती त्यात, गाड्याही तेव्हा नव्हत्या, तरी चार महिने आम्ही दुसरं काही खेळलो नाही.

आता मुख्य गोंधळ. १.०.

लोक समजतात की १.० हा व्हर्जनचा आकडा म्हणजे गेम पूर्ण झाल्याचा दाखला. तसा दाखला देणारं कुणी नाही. स्टीम तपासत नाही की सांगितलेलं सगळं गेममध्ये आलं का. स्टुडिओ ज्या दिवशी ठरवंल त्या दिवशी अर्ली अ‍ॅक्सेसची पाटी निघती. ऑक्टोबर २०१४ मध्ये स्पेसबेस डीएफ-९ या गेमचं असंच झालं, वर्षभरापूर्वी पुढं काय काय येणार याची भलीमोठी यादी दाखवली होती, विक्रीतून खर्च भागंना म्हणून त्यातलं बरंचसं सोडून १.० चा शिक्का मारला आणि पुढचं काम मॉड बनवणाऱ्यांवर, म्हणजे गेममध्ये स्वतः बदल करणाऱ्या खेळाडूंवर सोपवलं. कागदोपत्री तो पूर्ण झालेला गेम आहे. त्याच्या पुढच्याच महिन्यात स्टीमनं स्टुडिओंसाठी नियम कडक केले, भविष्यातल्या गोष्टींचं ठोस वचन देऊ नका, विक्री झाली नाही तर पुढं बनवायची ऐपत नसंल तर इथं येऊच नका. म्हणजे नियम असा आला की वचनच देऊ नये, दिलेलं पाळलंच पाहिजे असा नाही. हा फरक लई मोठा आहे आणि वाट बघणाऱ्याला तो कधी कुणी नीट सांगितला नाही.

दुसरं उदाहरण सेव्हन डेज टू डाय या दुसऱ्या झोम्बी गेमचं, याच्यावर आमच्यात अजून भांडणं होतात. डिसेंबर २०१३ ला आला, अल्फा, अल्फा (म्हणजे अजून कच्चं व्हर्जन) करत २१ पर्यंत गेला, आणि जे अपडेट अल्फा २२ म्हणून येणार होतं तेच जुलै २०२४ मध्ये १.० म्हणून आलं. वर्षानुवर्षं सांगितलेले डाकू त्यात नव्हते, ते रोडमॅपवर, म्हणजे पुढं करायच्या कामांच्या यादीत टाकले. एक मित्र म्हणतो, साडेदहा वर्षं झाली, गेम चांगला चालतो, पाटी काढली तर बिघडलं काय. मला हे पटत नाही. आदल्या दिवशी जे अल्फा होतं ते नाव बदलल्यानं पूर्ण होत नाही, आणि किंमत मात्र पूर्ण गेमची लागती.

याच्या उलट झोम्बॉइड. त्याच्या बिल्ड ४१ ची टेस्टिंग ऑक्टोबर २०१९ ला सुरू झाली, स्टेबल झालं डिसेंबर २०२१ मध्ये, पात्रांचं चालणं-हलणं सगळं नवीन, त्याच महिन्यात मल्टिप्लेयर (एकत्र खेळायची सोय) परत आलं आणि जगभरातून खेळणाऱ्यांची रीघ लागली. त्या दिवशी त्यांनी १.० म्हटलं असतं तर कुणी हरकत घेतली नसती. त्यांनी म्हटलं नाही, कारण गावात अजून माणसं आलेली नाहीत. २०११ च्या डेमोत बॉब आणि पाय मोडलेली केट होती, सुरुवातीच्या व्हर्जनमध्ये इतर वाचलेली माणसं फिरायची, मग स्टीमवर येईपर्यंत ती काढून टाकली आणि नीट करून परत आणू असं सांगितलं. ती अजून यायचीत. आकडा ४२ वर गेला, १.० आलं नाही. ज्याला आकड्यावरून गेम समजायचाय त्याचा इथं पूर्ण गोंधळ होतो.

आमच्याकडं समजावून सांगायला एक जवळचं उदाहरण आहे. नगर-बीड-परळी रेल्वे. २६१ किलोमीटर, आजोबांच्या तोंडून ऐकत आलो. २०२२ ला आष्टीपर्यंत गाडी आली, १७ सप्टेंबर २०२५ ला बीडपर्यंत आली, स्टेशनवर म्हातारी माणसं नुसती गाडी बघायला आली होती. पण परळी बाकी असताना बीडमध्ये कुणी मार्ग पूर्ण झाला असं म्हणालं नाही, कारण शेवटचं स्टेशन सगळ्यांना माहीत आहे. गेमला परळी नसती. स्टुडिओ म्हणंल ते शेवटचं स्टेशन, आणि ते वाटंत बदलू शकतं.

बाकीच्या अर्ली अ‍ॅक्सेस गेमचं थोडक्यात. डेझेड डिसेंबर २०१३ ला आला, महिनाभरात दहा लाखांवर खपला, १.० व्हायला बरोबर पाच वर्षं लागली. हेडीस दोन वर्षांच्या आत झाला. बाल्डर्स गेट ३ ऑक्टोबर २०२० ते ऑगस्ट २०२३, तिथं आधी फक्त पहिला अंक दिला होता, कथेचा शेवट त्यांच्याकडं लिहिलेला असणार म्हणून पूर्ण कशाला म्हणायचं यावर वादच झाला नाही. सॅटिसफॅक्टरी २०१९ ते सप्टेंबर २०२४. आणि कर्बलचा दुसरा भाग, फेब्रुवारी २०२३ ला पूर्ण गेमच्या भावात आला, २०२४ च्या मध्यानंतर त्याला अपडेट नाही, तरी तसाच विकायला ठेवलेला. ज्यांनी तो घेतला त्यांची वाट ही वाट सुद्धा म्हणता येत नाही.

पैसे परत मिळायचा नियम जून २०१५ पासून आहे, १४ दिवस आणि २ तासांच्या आतला खेळ. नुसता नावडला तर ठीक. पण अर्ली अ‍ॅक्सेसचं नुकसान दोन तासांत कळतच नाही, ते चार-पाच वर्षांनी कळतं. फेब्रुवारी २०२५ पासून एक बरी गोष्ट झाली, वर्षाच्या वर अपडेट नसलेल्या अर्ली अ‍ॅक्सेस गेमच्या पानावर शेवटचं अपडेट किती महिन्यांपूर्वी आलं ते स्टीम स्वतःच दाखवायलंय. हे २०१४ लाच करायला पाहिजे होतं. १.० पेक्षा ही एक ओळ जास्त कामाची आहे, आणि नवीन घेणाऱ्याला मी आता तेवढंच बघायला सांगतो.

बिल्ड ४२ मध्ये तळघरं आली, कोंबड्या, गाई, मेंढ्या आल्या, आणि आधी जनावरं, मग माणसं असा क्रम सांगितलाय. आम्ही ४१ चा जुना सेव्ह वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलाय, कारण तो ४२ मध्ये चालत नाही. गेममधल्या मलड्रॉ गावाच्या कडेचं दुमजली घर, जनरेटर परसात, तीन कॅन पेट्रोल, आणि वरच्या मजल्यावर दोन खोल्या रिकाम्या ठेवल्यात, माणसं आली की त्यांना राहायला.