जठर सांधलं गेलं, अन्ननलिका का अडून बसली?

‘कॅन्सरला चाकू लागला की तो पसरतो.’ आपल्याकडे हे इतक्या घरांत ऐकू येतं, की जठराची गाठ काढता येण्यासारखी असूनही रुग्ण महिनोन्‌महिने काढे पीत बसतो. ते महिने गाठीच्याच पथ्यावर पडतात.

व्हिएन्नाचा सर्जन थिओडोर बिलरोथने २९ जानेवारी १८८१ रोजी थेरेसे हेलर या ४३ वर्षांच्या बाईच्या जठराचा कॅन्सर कापून काढला आणि उरलेलं जठर आतड्याला सांधलं. गाठीने जठराचं खालचं तोंड बुजल्यामुळे तिच्या पोटात काही टिकत नव्हतं. त्याआधी फ्रान्समध्ये पेआँने आणि आजच्या पोलंडमध्ये रिडिगियरने हे करून पाहिलं होतं. दोन्ही रुग्ण दगावले. बिलरोथची तयारी मात्र दहा वर्षांची होती. त्याच्या सहायकांनी ६१,२८७ शवविच्छेदनांच्या नोंदी चाळल्या. जठराचा कॅन्सर बऱ्याच जणांत मरेपर्यंत तिथल्या तिथेच राहतो, हे त्यातून दिसलं. मग कुत्र्यांवर प्रयोग झाले. मांस पचवणारं आम्ल स्वतःच्याच जखमेचे टाके विरघळवील का, हा खरा प्रश्न होता.

नाही विरघळवत, आणि याचं कारण मला फार सुंदर वाटतं. जठर आणि आतडं यांच्यावर बाहेरून एक पातळ, ओलसर, गुळगुळीत आवरण असतं, सिरोसा. कापलेल्या कडा आत दुमडून असे टाके घालायचे, की दोन्हीकडचं सिरोसा एकमेकाला टेकेल. ही युक्ती फ्रान्सच्या लेम्बेरची, १८२६ची. टेकलेल्या जागी सिरोसातून फायब्रिन हे चिकट प्रथिन पाझरतं आणि काही तासांत फट लिंपली जाते. पुढे पेशी येऊन तिथे पक्कं ऊतक विणतात. तोवर कडा धरून ठेवणं, एवढंच रेशमी टाक्यांचं काम. बिलरोथने असे सुमारे पन्नास टाके घातले.

अन्ननलिकेला छातीत हे आवरणच नाही. तिथे टाका थेट मऊ स्नायूत बसतो, प्रत्येक घोटासरशी ताणला जातो, आणि गळती झाली तर ती हृदयाशेजारी. न्यूयॉर्कच्या टोरेकने १९१३ मध्ये सांधा करायचंच टाळलं. छातीतली अन्ननलिका काढून वरचं टोक मानेबाहेर आणलं आणि शरीराबाहेरून रबरी नळी थेट जठरात सोडली. ती बाई तशी जेवत दहा वर्षांहून अधिक जगली! आज जठराचीच नळी करून वर ओढून जोडतात, तरी साधारण दहातला एक सांधा गळतो.

थेरेसे चारेक महिन्यांनी गेली. कॅन्सर इतरत्र वाढला होता, पण सांधा पूर्ण भरलेला होता. ज्या पेशींनी तिला मारलं, त्या चाकू लागण्याआधीच निसटल्या होत्या. आता बऱ्याच रुग्णांना ऑपरेशनच्या आधी केमोथेरपी देतात, ती याच पेशींसाठी.