गॅसची सबसिडी नेमकी गेली कधी? सांगलीच्या स्वयंपाकघरामागची पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यात घरखर्चाचा विषय निघाला की तेल, डाळ, लाइट बिल असं करत बोलणं गॅसवर येतं, आणि तिथे एक प्रश्न हमखास अडतो. सबसिडी बंद कधी झाली? कुणी नोटाबंदीच्या वेळी म्हणतं, कुणी लॉकडाऊनमध्ये, कुणाला अजून वाटतं की आपलंच आधार लिंक बिघडलंय. लोकांना ठाऊक नाही यात लोकांची चूक नाही. तसा निर्णय त्यांना वेळेवर कुणी सांगितलाच नव्हता.

जुन्या काळाबद्दल थोडक्यात. वाळवा, पलूसच्या उसाच्या पट्ट्यात जळण विकत आणायची वेळ फारशी येत नसे. शेणी, चिपाडं, तुरकाट्या घरच्याच. जत, आटपाडीकडे वेडी बाभूळ. ज्यांच्या दावणीला जनावरं होती त्यांनी पुढे गोबरगॅसही बांधला. शहरात स्टोव्ह आणि रेशनचं रॉकेल. सिलिंडर सांगली-मिरजेत आधी आला, आणि नवीन जोडणीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे. जोडणी मिळाली की रेशनकार्डावर गॅसचा शिक्का पडायचा आणि रॉकेल कमी व्हायचं. पुढे रेशनचं रॉकेल जवळपास संपलंच. हा मुद्दा नंतरचं सगळं समजून घेताना महत्त्वाचा आहे, कारण गॅस महागला तेव्हा शहरातल्या घराला मागे फिरायला वाट उरलेली नव्हती.

पहिला धक्का सप्टेंबर २०१२ मध्ये बसला. सवलतीचे सिलिंडर वर्षाला सहा, असं ठरलं. आठ-दहा माणसांच्या एकत्र घरात टाकी महिनाभरही पुरत नाही, तिथे सहामध्ये वर्ष कसं काढायचं? ओरड झाल्यावर जानेवारी २०१३ मध्ये नऊ झाले आणि निवडणुकीच्या तोंडावर, जानेवारी २०१४ मध्ये, बारा.

१ जानेवारी २०१५ पासून देशभर पैसे देण्याची रीतच बदलली. आधी दारात येणारी टाकी सवलतीच्या दरात मिळे. आता पूर्ण किंमत मोजायची आणि सवलत नंतर बँकेत. गळती थांबावी हा हेतू होता आणि तो रास्तही होता. पण रोजंदारीच्या घरात ते दोन-तीनशे रुपये चार दिवस अडकणं म्हणजे किराणा पुढे ढकलणं. त्यात पैसे आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जायचे, ते कुठलं हे बाईला माहीत नसायचं. २०१७ मध्ये तर कित्येकांची सबसिडी एका मोबाइल कंपनीच्या पेमेंट बँकेत, त्यांना न विचारता उघडलेल्या खात्यात गेल्याचं उघड झालं. त्याच वर्षी सिलिंडरमागे दरमहा चार रुपये वाढवत सबसिडी संपवायचं जाहीर झालं होतं. विरोधानंतर ऑक्टोबरमध्ये ती वाढ थांबवली गेली.

मग आलं २०२०. सगळा गुंता इथे आहे, म्हणून आकडे नीट पाहू. दिल्लीचे दर घेऊ, तेच सगळीकडे छापून येतात. फेब्रुवारी २०२० मध्ये १४.२ किलोची टाकी ८५८ रुपये ५० पैशांना होती आणि खात्यात सुमारे २९१ रुपये परत येत. म्हणजे घराला ती ५६७ च्या आसपास पडे. पुढे जगभर तेलाचे भाव कोसळले आणि मे महिन्यात टाकीची किंमतच ५८१ रुपये ५० पैसे झाली. बाजारभाव सवलतीच्या दरापर्यंत उतरल्यावर सबसिडी शून्य होणं हिशोबाला धरूनच होतं, त्यावर तक्रार नाही.

तक्रार पुढच्या महिन्यांबद्दल आहे. डिसेंबरमध्ये दर ६९४ वर गेला, मार्च २०२१ मध्ये ८१९, जुलै २०२२ मध्ये १,०५३ आणि मार्च २०२३ मध्ये १,१०३. दर वर चढले, सबसिडी शून्यावरच राहिली. मे २०२२ मध्ये उज्ज्वलाच्या, म्हणजे गरीब घरातल्या बायकांना जोडणी देणाऱ्या केंद्राच्या योजनेच्या, लाभार्थ्यांसाठी सिलिंडरमागे २०० रुपये जाहीर झाले, तेव्हा कुठे अधिकाऱ्यांकडून स्पष्ट ऐकायला मिळालं की जून २०२० पासून सबसिडी कुणालाच दिली जात नव्हती. तोवर दोन वर्षं लोक बँकेत पासबुक भरून घेत होते, एजन्सीत केवायसी पुन्हा करत होते.

दुसरी बाजूही आहे. त्या काळात आंतरराष्ट्रीय भाव इतके चढले होते की तेल कंपन्या घरगुती गॅस तोट्यात विकत होत्या. पूर्ण भाव लावला असता तर टाकी आणखी महागली असती. ते खरं आहे. मात्र कंपन्यांचा जून २०२० ते जून २०२२ चा तोटा भरायला ऑक्टोबर २०२२ मध्ये २२,००० कोटींचं अनुदान रीतसर जाहीर झालं. घराच्या अंदाजपत्रकात पडलेल्या खड्ड्याबद्दल साधी सूचनाही निघाली नव्हती, आणि मला हे अन्यायाचंच वाटतं. गावाकडे अंघोळीचं पाणी पुन्हा चुलीवर गेलं. धूर पुन्हा बाईच्याच डोळ्यांत.

नंतरचं बहुतेकांना आठवतं. ऑगस्ट २०२३ मध्ये दर २०० नी उतरला, मार्च २०२४ मध्ये आणखी १०० नी, एप्रिल २०२५ मध्ये ५० नी वाढला. २०२४ मध्ये राज्याने वर्षाला तीन सिलिंडर मोफत देणारी अन्नपूर्णा योजना आणली, उज्ज्वला आणि लाडकी बहीणच्या लाभार्थ्यांसाठी. अट अशी की जोडणी बाईच्या नावावर हवी. आपल्याकडे जुन्या जोडण्या सासऱ्याच्या नाहीतर नवऱ्याच्या नावावर, त्यामुळे नाव बदलायला एजन्सीत गर्दी झाली. शिवाय एका रेशनकार्डावर एकच लाभार्थी, मग जावा-जावांनी कुणी अर्ज करायचा हाही प्रश्न घराघरांत आला.

या दोन्ही योजनांत न बसणारं मोठं मधलं घर राहतं: नंबर लावून, स्वतःच्या पैशाने जोडणी घेतलेलं, पगार बेताचा, पण कुठल्याच यादीत नाव नसलेलं. केंद्राची सबसिडी जून २०२० मध्ये सगळ्यांचीच थांबली, आणि पुढे उज्ज्वलाला २०० च्या जागी ३०० रुपये मिळू लागल्यावरही या घराच्या खात्यात काही आलं नाही.